पाटी मराठी झाली, अक्षराचं काय?

नवी मुंबई आधी नकाशावर आली, मग जमिनीवर. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, खाडीपलीकडची ३४४ चौरस किलोमीटर जमीन नव्या शहरासाठी मुक्रर झाली, १९९२ मध्ये महापालिका आली आणि त्याच वर्षी खाडीपुलावरून लोकल वाशीत पोचली. साठीही न गाठलेल्या या शहराला सध्या जुनेपणाची भारी हौस आहे. वाशीचं सेक्टर १७, सीवूड्स, बेलापूर, खारघर, कुठेही नवं कॅफे, बेकरी, सलून किंवा कपड्यांचं बुटीक उघडलं की साज ठरलेला असतो: बाटलीहिरवा किंवा मरून दर्शनी भाग, पितळी दिवे, काचेवर सोनेरी रेघ, 'स्थापना' म्हणून गेल्याच वर्षाचा आकडा. या सगळ्याच्या वर उंच, सडपातळ, उजवीकडे झुकलेली, टोकांना बारीक पाय फुटलेली इंग्रजी अक्षरं. डिझायनर मंडळी या वळणाला 'कंडेन्स्ड इटालिक सेरिफ' म्हणतात. गिऱ्हाइकाला त्याचं नाव ठाऊक नसतं, पण बघताक्षणी त्याला वाटतं, इथली कॉफी जुन्या पद्धतीने दळलेली असणार.

यात आक्षेप घेण्यासारखं काही नाही. धंदा करणाऱ्याने पाटी देखणी करावी आणि ती करताना जगभरातलं जे आवडेल ते उचलावं. आक्षेपाची जागा त्याच पाटीवरच्या मराठी ओळीत आहे. इंग्रजी नावासाठी टाइप निवडलेला असतो, त्याचे चार नमुने पाहिलेले असतात, अक्षरांमधली अंतरं जुळवलेली असतात. मराठी नाव मात्र संगणकात असेल त्या फाँटमध्ये टाइप करून, इंग्रजीच्या लांबी-उंचीत बसेपर्यंत दाबलेलं आणि इंग्रजीइतकं झुकेपर्यंत ढकललेलं असतं. कायद्याने मराठीला पाटीवर जागा मिळवून दिली. त्या जागेवर उभं राहायला धड अक्षर देण्याचं काम अजून कोणी अंगावर घेतलेलं नाही, आणि ते आता घ्यायला हवं.

आधी या तिरक्या अक्षराची कुळकथा. सन १५०० च्या सुमाराला व्हेनिसमध्ये आल्डस मानुशियस या मुद्रकासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने ते पोलादात कोरलं. १५०१ साली या टाइपात छापलेलं व्हर्जिलचं पुस्तक निघालं. तेव्हा ते जोर देण्यासाठी किंवा शोभेसाठी नव्हतं. खिशात मावेल अशा लहान आकाराच्या पुस्तकासाठी अख्खा मजकूरच त्यात लावला जाई. त्या काळच्या लिपिकांचं झरझर लिहिण्याचं वळण ग्रिफोने धातूत आणलं होतं. म्हणूनच इटालिक म्हणजे सरळ अक्षर झुकवलेलं नव्हे. त्यात 'ए' वेगळा, 'एफ' वेगळा, 'जी' वेगळा. ते मुळात दुसऱ्या हाताचं लेखन आहे आणि अंगानेच जरा अरुंद आहे.

अरुंदपणाचा दुसरा धडा एकोणिसाव्या शतकातल्या पोस्टरांनी दिला. सर्कस, लिलाव, नाटक, आगबोटीचं वेळापत्रक, सगळ्यांना भिंतीवरच्या तेवढ्याच कागदात मोठ्यात मोठं अक्षर हवं होतं. न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने १८२७ मध्ये लाकडी टाइप यंत्राने कापण्याची रीत काढली आणि धातूला न परवडणारी हातभर उंचीची अक्षरं छापखान्यांना मिळू लागली. उंची वाढवायची तर रुंदी कमी करायला हवी, म्हणून सडपातळ अक्षरांची पिढी निपजली. पुढे इंग्लंडमधला विंडसर, १९२२ चा अमेरिकन कूपर ब्लॅक अशा गुबगुबीत सेरिफांची भर पडली. सत्तरच्या दशकात हे सगळं एकदा फॅशनमध्ये येऊन गेलं. २०१७ मध्ये चोबानी या अमेरिकन दही कंपनीने असलं वळण डब्यांवर आणलं आणि ती लाट पुन्हा उठली. आज 'इन्स्ट्रुमेंट सेरिफ' नावाचा सडपातळ फाँट, त्याच्या इटालिक जोडीदारासह, गूगल फाँट्सवर फुकट मिळतो. व्हेनिसच्या छापखान्यातलं वळण खारघरच्या काचेवर पोचायला पाचशे वर्षं लागली. त्यातला शेवटचा टप्पा दोन क्लिकचा.

या परंपरेतली एक गोष्ट इथल्या पाटीवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. अ‍ॅपल कंपनीने १९८४ पासून बरीच वर्षं गॅरामाँड टाइप ८० टक्के रुंदीवर आणून जाहिरातींत वापरला. नुसतं दाबलेलं अक्षर बेढब दिसतं हे ओळखून कंपनीने ते बिटस्ट्रीम या टाइप कंपनीकडे सोपवलं आणि रेषांची जाडी नीट करून घेतली. फक्त वीस टक्के दाबलं होतं, तरी त्यांना कारागीर लागला. आपल्याकडे साठ टक्क्यांवर आणलेली देवनागरी तशीच छापायला जाते.

दाबल्यावर नेमकं काय होतं, हे बघायला कुठल्याही फ्लेक्सच्या दुकानात डीटीपी ऑपरेटरच्या मागे पाच मिनिटं उभं राहावं. तो कोरल ड्रॉमध्ये 'ज्वेलर्स' असं टाइप करतो. शब्दावर एकदा क्लिक केलं की भोवती चौकोनी ठिपके येतात. उजवीकडचा मधला ठिपका धरून आत ढकलला की शब्द अरुंद होतो. समजा, मूळ अक्षरात उभा काना दोन इंच जाड होता आणि शिरोरेषाही दोन इंच. साठ टक्क्यांवर आल्यावर काना सव्वा इंचाच्या आत गेला, शिरोरेषा मात्र दोन इंचच राहिली. म्हणजे अक्षराचं सगळं वजन डोक्यावर आणि पाय काटकुळे. 'ज'च्या पोटातली आणि 'स'च्या मधली पोकळी मिटत आली. रस्त्यावरून रिक्षातून जाणाऱ्याला ही पोकळीच वाचायची असते. ती बुजली की 'स' आणि 'म' यांतलं अंतर संपतं.

मग तो त्याच शब्दावर दुसऱ्यांदा क्लिक करतो. आता ठिपक्यांच्या जागी बाण येतात. वरचा बाण धरून उजवीकडे ओढला की शब्द तिरका. इथे भूमितीचा साधा हिशेब आहे: मात्रेपासून उकारापर्यंत एक फूट उंचीचा मजकूर १२ अंशांनी झुकवला की त्याचा माथा आणि तळ यांच्यात अडीच इंचांची फारकत पडते. इंग्रजी अक्षरांचा बहुतेक कारभार मधल्या पट्ट्यात चालतो, त्यामुळे त्यांना हे झेपतं. देवनागरी तीन मजली आहे. वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार आणि जोडाक्षरांची शेपटं. झुकवल्यावर 'र्स'चा रफार शब्दाच्या उजव्या हद्दीबाहेर लोंबतो आणि 'ज्यूस'चा उकार डावीकडच्या अक्षराखाली घुसतो. शिरोरेषा आडवीच राहते, तिच्याखालचे काने कलंडतात, आणि डोळ्याला दिसतो तो वाकलेला दरवाजा.

शिवाय जाड-बारकाव्याचा घोळ आहेच. रोमन अक्षराच्या टाकाचं टोक आणि देवनागरीच्या बोरूचं टोक उलट्या बाजूंनी छाटलेलं असतं, त्यामुळे जाड कुठे आणि बारीक कुठे याची वाटणीही दोन्हींत उलटी आहे. सडपातळ इटालिकची सगळी ऐट जाड उभ्या रेघा आणि केसासारख्या बारीक आडव्या रेघांत असते. देवनागरीत आडवी शिरोरेषा ही शब्द एकत्र बांधणारी रेघ. ती केसाएवढी केली तर शब्द सुटा पडतो, जाड ठेवली तर इंग्रजीशी मेळ बसत नाही. यातून वाट निघते, पण ती अक्षर काढणाऱ्या माणसाला शोधावी लागते. माउसने ओढून ती सापडत नाही.

पाटीवर मराठी असावी, यावर आता वाद उरलेला नाही. दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानंही नियमाखाली आली. मराठी देवनागरीत नाव हवं आणि त्याचं अक्षर इतर लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नको, असं कायदा सांगतो. व्यापारी संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत देऊन पाट्या लावायला सांगितलं. दसरा-दिवाळीच्या तोंडावर मराठी पाटी धंद्याच्या फायद्याचीच आहे, हेही सुनावलं. त्यानंतर पाट्यांची जी धांदल उडाली, तिच्यात फ्लेक्स आणि एसीपी शीटवाल्यांकडे रांगा लागल्या आणि बरीच मराठी नावं मूळ डिझाइनच्या कडेला चिकटवली गेली.

कायदा उंची मोजतो. त्याने तेवढंच मोजावं हे ठीकच आहे. सरकारी निरीक्षकाने दुकानाच्या अक्षराचं सौंदर्य ठरवू नये. पण उंची भरली म्हणजे मराठी झाली, हा समज दुकानदाराने करून घेतला आहे आणि डिझायनरने त्याला साथ दिली आहे. उंची बरोबर, रुंदी निम्मी, रंग भिंतीत मिसळणारा, अक्षर वाकडं: नियम पाळला आणि वाचणाऱ्याला काही कळलं नाही.

यात एक खास नवी मुंबईचा पेच आहे. या शहराच्या गावांची नावं उच्चारून पाहा: वाशी, बेलापूर, ऐरोली, घणसोली, उलवे, कळंबोली, पनवेल. 'ल' आणि 'श' यांनी भरलेली. नेमकी हीच दोन अक्षरं मराठीत आणि हिंदीत वेगळ्या वळणाने लिहिली जातात. मराठी 'ल' दोन पाकळ्यांचा, उत्तरेकडचा 'ल' उजव्या अंगाला सरळ दंड असलेला. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचं प्रमाण रूप ठरवलं, त्यात 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत. पण बाजारातले बरेच फाँट उघडल्यावर आधी उत्तरेकडचं रूप देतात. मराठी रूप आत दडलेलं असतं आणि मजकुराची भाषा मराठी निवडली तरच बाहेर येतं. घाईतला ऑपरेटर ती निवड करत नाही. शाळेत मूल एक 'ल' गिरवतं आणि घराखालच्या मराठी पाटीवर दुसरा वाचतं.

डिझायनरांची बाजूही ऐकायला हवी. ते म्हणतात, देवनागरीत इटालिकची परंपराच नाही. मजकुरात जोर द्यायचा तर आपण ठळक अक्षर वापरतो, तिरकं नाही. मग इंग्रजी तिरकं असताना मराठीचं काय करायचं?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर याच मातीत पडलेलं आहे. ग्रिफोने लिपिकांचं धावतं वळण टाइपात आणलं, तसं धावतं वळण मराठीकडे शतकानुशतकं होतं: मोडी. पोथीसाठी बाळबोध म्हणजे देवनागरी आणि दप्तरासाठी मोडी अशी सरळ वाटणी होती. आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि मग हात शक्य तितका न उचलता लिहीत जायचं. त्यात झोक आहे, गोलाई आहे, वेग आहे. इटालिकमध्ये जे हवं असतं ते सगळं आहे. २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला संकेतांक मिळाले, म्हणजे संगणकाच्या दृष्टीनेही ती आता परकी नाही. आजचा ग्राहक मोडी वाचू शकत नाही हे खरं. पण मोडीचा झोक देवनागरीच्या सांगाड्यात उतरवता येतो, आणि ते करून दाखवलेला माणूस याच शहरात आहे. अच्युत पालव यांनी मोडी हस्तलिखितांचा अभ्यास करून देवनागरी आणि मोडी यांच्या संगमातून 'मुक्तलिपी' घडवली. त्यांची सुलेखनाची शाळा नवी मुंबईत आहे आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचा सत्कार करायला शहर पुढे येईलच. त्यांच्या कामातून आपल्या रस्त्यावरच्या पाट्यांनी काय घ्यायचं, याचा विचार मात्र कुठे होताना दिसत नाही.

दुसरं गाऱ्हाणं असं की चांगले फाँट मिळत नाहीत. वीस वर्षांपूर्वी ते खरं होतं. श्रीलिपीसारख्या पॅकेजमधले ठरावीक टाइप हाच तेव्हा बहुतेक डीटीपीवाल्यांचा आधार होता. आज गूगल फाँट्सवर अरुंद देवनागरीसाठी 'खंड' आणि 'टेको' आहेत, जाड-बारीक रेषांचा ठसका हवा तर 'रोझा वन' आहे, गुटगुटीत हवं तर मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मोदक' आहे. मजकुरासाठी 'टिरो देवनागरी मराठी' आहे, जो निर्णयसागर छापखान्याच्या वळणावर बेतलेला असून मराठी रूपं घेऊनच येतो. हे सगळे फुकट. तरीही सडपातळ, झोकदार, जाड-बारीक रेषांचा, मराठी 'ल' आणि 'श' असलेला आणि खास पाटीसाठी काढलेला देवनागरी टाइप सहज हाताशी येत नाही. ही पोकळी खरी आहे. ती भरण्याजोगी तयार माणसं आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात, जे. जे. कला महाविद्यालयात आणि मुंबई-पुण्याच्या लहान लहान टाइप स्टुडिओंत बसलेली आहेत. काम सांगणारं गिऱ्हाईक नाही.

टाइप घडवणं कष्टाचं आहे, हे इथे कबूल करायला हवं. जोडाक्षरं, मात्रा, रफार धरून देवनागरीच्या एका फाँटला काही शे चिन्हं काढावी लागतात. छापखान्यातल्या धातूच्या खिळ्यांच्या काळात तर हा जाच असह्य होता. 'केसरी'साठी खिळ्यांची संख्या आटोक्यात आणण्याचा खटाटोप खुद्द टिळकांनी केला आणि ती १९० पर्यंत आणून ठेवली. पण पाटीला अख्खा फाँट लागतोच कुठे? दुकानाचं नाव पाच-सहा अक्षरांचं. ती अक्षरं हाताने काढून घेता येतात. मराठीत तर या कामाची थोर परंपरा आहे.

कमल शेडगे यांनी आयुष्यभर हेच केलं. टाइम्स समूहात नोकरी करता करता त्यांनी मराठी नाटकांची आणि नियतकालिकांची शीर्षकं शेकड्यांनी काढली. वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या जाहिरातीला दोन-तीन इंचांची जागा मिळायची आणि त्यात नाव, नाटककार, कलावंत, तिकीटदर सगळं कोंबायचं असायचं. म्हणजे अरुंद जागेत ठसठशीत नाव बसवण्याचा जो पेच आज कॅफेच्या पाटीपुढे आहे, तोच शेडग्यांपुढे रोज होता. त्यांनी अक्षर दाबलं नाही. शिरोरेषा तोडली, काना लांबवला, वेलांटीला वळसा दिला, एका अक्षराच्या पोटात दुसरं बसवलं. प्रेक्षक नाव वाचण्याआधी नाटकाची जात ओळखायचा. जुलै २०२० मध्ये ते गेले. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात जुन्या नाटकांच्या नव्या संचाचे प्रयोग लागतात. त्यांच्या जाहिराती चाळल्या तरी मराठी 'व्हिंटेज' कसं दिसतं याचा पहिला पाठ मिळेल.

आणि तो एकच पाठ नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइप ओतण्याचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणूजी रावजी आरू यांनी कोरलेल्या त्यांच्या टाइपाची घडण इतकी नेटकी होती की देशभरातल्या संस्कृत ग्रंथांना त्याचा चेहरा मिळाला. मुंबईच्या लोकल स्टेशनांवर रंगाऱ्यांनी चपट्या ब्रशने रंगवलेल्या पाट्यांवरून कॅथरीन ली श्मिट या डिझायनरने 'यात्रा वन' हा फाँट केला. त्यात गंमत अशी की इंग्रजी अक्षरंच देवनागरीच्या वळणाने बेतलेली आहेत. कोण कोणामागे चालतं हे ठरवता येतं, एवढं तरी त्यावरून कळावं. दिल्लीत हनीफ कुरेशी यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं गोळा करून संगणकात आणली. २०२४ मध्ये ते गेले, पण त्यांचं काम त्या पेंटरांच्या नावानिशी उरलं. नवी मुंबईत असा संग्रह कोणी केला आहे का? दिवाळे कोळीवाड्यातल्या होड्यांवरची नावं, आगरी गावांच्या कमानी, एपीएमसी बाजारात उभ्या ट्रकांच्या पाठी, ही या शहराची खरी जुनी अक्षरं आहेत. सिडकोच्या आधीपासून इथे असलेल्या गावांची. त्यांच्यावर दरवर्षी एक फ्लेक्स चढतो.

खर्चाचं काय, असं दुकानदार विचारेल. फर्निचरवर, दिव्यांवर, इटालियन कॉफी यंत्रावर लाखो घालणाऱ्याने पाच अक्षरं काढून घेण्याची मजुरी महाग म्हणू नये. किराणा दुकानदाराची गोष्ट वेगळी. त्याला डिझायनर परवडत नाही. त्याच्यासाठी जबाबदारी शहराची आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेने १९१६ मध्ये एडवर्ड जॉन्स्टनकडून स्वतःचा टाइप करून घेतला आणि शंभर वर्षांनंतरही लंडन त्याच अक्षरांनी ओळखलं जातं. दुबईने २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साथीने शहराचा फाँट काढला. त्यात अरबी आणि लॅटिन एकाच वेळी, एकमेकांकडे बघत घडवलं गेलं, एक दुसऱ्याच्या मापात कोंबलं गेलं नाही. तेही नवंच शहर. महाराष्ट्रातही राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा आणि यशोवेणू हे युनिकोड टाइप करून दिलेच होते. सरकारी पैशातून टाइप होऊ शकतो, हे सिद्ध आहे.

सिडको आणि महापालिकेने मिळून नवी मुंबईचा एक पाटी-टाइप करून घ्यावा. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं. लाखो नवे लोक या शहराची नावं पहिल्यांदा वाचणार आहेत. त्या टाइपात रुंद आणि अरुंद अशी दोन्ही मापं असावीत, म्हणजे अक्षर दाबण्याची वेळच येऊ नये. मराठी 'ल' आणि 'श' पहिल्या क्लिकलाच यावेत. एक झोकदार जोडीदार असावा, मोडीच्या वळणातून आलेला. परवाना खुला असावा, आणि कोपरखैरण्याच्या फ्लेक्सवाल्यापासून पाम बीच रोडच्या डिझायनरपर्यंत सगळ्यांना तो फुकट मिळावा. एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणापेक्षा हे काम स्वस्तात होईल आणि जास्त टिकेल.

तोवर नवी पाटी करायला टाकणाऱ्याने दोनच गोष्टी कराव्यात. मराठी नावाचा नमुना इंग्रजीच्या आधी मागावा. आणि आलेल्या नमुन्यात शिरोरेषा कान्यापेक्षा जाड दिसली किंवा रफार शब्दाच्या बाहेर लोंबताना दिसला, तर पैसे देण्याआधी तो परत पाठवावा.